आधी वाचा, मग सही करा



आजच्या पाठात आपण सरकारी मदतीची माहिती घेऊ. अतिवृष्टी झाली, पूर आला, गारा पडल्या, वीज कोसळली, तर सरकार काय देते, ते कसे मिळते आणि कोठे अडते, हे आपण पाहू. पण आधी आमची एक चूक सांगतो. मास्तराने स्वतःची चूक सांगितली, की धडा चांगला लक्षात राहतो.

एका अंकाची गोष्ट

काही वर्षांमागची गोष्ट. श्रावणात चार दिवस सारखा पाऊस कोसळला. आमच्या आसेगावची जमीन काळी. तिच्यात पाणी साचले की लवकर हटत नाही. सोयाबीन फुलावर आले होते. ते पाण्यात उभ्या उभ्या पिवळे पडले. नाल्याकाठच्या रानात तर ते आडवेच झाले.

आठवड्याने साहेब लोक पंचनाम्याला आले. झालेले नुकसान जागेवर जाऊन पाहायचे आणि साक्षीदारांसमोर कागदावर लिहून घ्यायचे, याला पंचनामा म्हणतात. साक्षीला गावातली जाणती माणसे घेतात. त्यांना पंच म्हणतात. आम्ही शाळेतून निवृत्त झालेले. गाव मान देते. म्हणून पंच म्हणून आम्हांला बोलावणे आले.

आमच्या शेजारी एक बाई राहतात. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. नवरा वारलेला, पदरी दोन लेकरे आणि तीन एकर कोरडवाहू रान. तीन एकर म्हणजे १ हेक्टर २० आर. त्यांचे सगळे पीक गेले होते. साहेबांनी बांधावर उभे राहूनच लिहून घेतले. दिवस मावळत होता. आभाळ पुन्हा भरून आले होते. कागद आमच्यापुढे आला. चष्मा घरी राहिला होता. "सही करा गुरुजी, अजून सहा शेतं राहिली आहेत," असे कोणी म्हणाले आणि आम्ही न वाचता सही केली. वहिनींनी खाली अंगठा उठवला.

तीन महिन्यांनी पैसे आले. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये असा दर होता. त्या हिशेबाने वहिनींना १०,२०० रुपये मिळायला हवे होते. खात्यात आले १,७०० रुपये. कागद काढून पाहिला. त्यात क्षेत्र लिहिले होते, ० हेक्टर २० आर. एकाच्या जागी शून्य पडले होते. त्या एका अंकाने वहिनींचे ८,५०० रुपये अडकले.

वहिनी आमच्यावर रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, तुमची सही पाह्यली, म्हणून म्या आंगठा लावला."

मग दुरुस्तीचा अर्ज केला. तहसीलला चार खेपा झाल्या. राहिलेले पैसे मिळाले, पण ते फाल्गुनात. तोपर्यंत हरभऱ्याची पेरणी होऊन गेली होती. बियाण्यासाठी वहिनींनी व्याजाने पैसे काढले होते. ते व्याज आम्ही देऊ केले. त्यांनी घेतले नाही. म्हणाल्या, "पैसे राहू द्या गुरुजी. मले वाचाले शिकवा."

हा पाठ आम्ही त्यासाठी लिहिला आहे.

ही मदत भीक नव्हे

पुष्कळ लोक म्हणतात, "सरकारने दिले तर घ्यावे, नाही दिले तर गप्प बसावे." हे बरोबर नाही. ही मदत नियमाने मिळते. नियमात बसणाऱ्या माणसाने ती मागण्यात लाज कसली?

पूर्वी असे नव्हते. इंग्रजांच्या काळात, १८९९-१९०० साली, आपल्या वऱ्हाडात मोठा दुष्काळ पडला. त्या काळी शेतकऱ्याला मिळे ती तगाई. १८८३ आणि १८८४ साली तगाईचे कायदे झाले होते. पण तगाई हे कर्ज होते. ते व्याजासह फेडावे लागे. नाही फेडले, तर शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली होई. म्हणजे आधी निसर्गाने मारले, मग वसुलीने.

१९७२ साली महाराष्ट्रात पुन्हा मोठा दुष्काळ पडला. लाखो बायामाणसांनी रस्त्यावर खडी फोडली, बंधारे बांधले. त्यातून रोजगार हमीची कल्पना बळकट झाली आणि १९७७ साली राज्याने तिचा कायदा केला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव भागात सुमारे आठ हजार माणसे दगावली. गावेच्या गावे नव्या जागी वसवावी लागली. २००४ च्या डिसेंबरात दक्षिणेच्या किनाऱ्यावर त्सुनामीच्या लाटा आल्या. २००५ च्या जुलैत मुंबई पाण्यात बुडाली. त्याच वर्षी देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला.

या कायद्याने प्रत्येक राज्यात आपत्तीसाठी वेगळा निधी ठेवावा लागतो. त्याचे नाव राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. या निधीतून जे मिळते त्याला अनुदान म्हणतात. अनुदान परत फेडायचे नसते. तगाई आणि अनुदान यांत हा मोठा फरक आहे.

पैसा कोठून येतो?

आपल्या राज्याच्या निधीत १०० रुपये असतील, तर त्यातले ७५ रुपये केंद्र सरकारचे आणि २५ रुपये राज्य सरकारचे असतात. मोठेच संकट आले आणि हा निधी पुरला नाही, तर केंद्राकडे वेगळा राष्ट्रीय निधी आहे. शिवाय राज्य सरकार आपल्या तिजोरीतून जास्तीची रक्कम घालू शकते.

आणि सरकारच्या तिजोरीत पैसा कोण घालते? आपण साबण घेतो, काडेपेटी घेतो, फटफटीत पेट्रोल भरतो. प्रत्येक वेळी आपण कर देतो. मजूर देतो, विधवा देते, सावकारही देतो. तेव्हा हा पैसा सर्वांचा आहे. म्हणून तो मागताना मान खाली घालू नये. आणि म्हणूनच खोटे नुकसान लिहून तो लुबाडूही नये. खोट्याने नेलेला पैसा सरकारचा जात नाही. तो आपल्याच शेजाऱ्याच्या ताटातून जातो.

कोणत्या संकटाला मदत मिळते?

दुष्काळ, पूर, चक्रीवादळ, भूकंप, आग, गारपीट, दरड कोसळणे, ढगफुटी, टोळधाड, कडाक्याची थंडी अशी संकटे केंद्राच्या यादीत आहेत. महाराष्ट्राने त्यांत अतिवृष्टी, अवकाळी पाऊस, वीज पडणे, आकस्मिक आग आणि समुद्राचे उधाण यांची भर घातली आहे.

अतिवृष्टी कशाला म्हणायचे? चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर सरकारी हिशेबात ती अतिवृष्टी. हा पाऊस महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात मोजतात. मंडळ म्हणजे अनेक गावांचा एक गट. कधी कधी मंडळाच्या गावी पाऊस कमी आणि आपल्या शिवारात जास्त, असे होते. अशा वेळी गप्प बसू नका. नाल्याला पूर आला असेल, रान खरडून गेले असेल, तर लगेच लेखी कळवा.

साप चावून शेतकरी दगावला, तर त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. २०२३ साली सुरू झालेल्या या योजनेत मृत्यूला २ लाख रुपये ठरले. रानडुकराने वा रोह्याने पीक खाल्ले, तर अर्ज वन खात्याकडे करावा लागतो. संकट कोणते, त्यावर कचेरी कोणती, हे ठरते.

किती मदत मिळते?

२०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्र सरकारने दर ठरवून दिले. त्यांतले आपल्या उपयोगाचे असे:

माणूस दगावला, तर वारसांना ४ लाख रुपये.
साठ टक्क्यांहून जास्त अपंगत्व आले, तर २ लाख ५० हजार रुपये.
दुभती गाय वा म्हैस मेली, तर ३७,५०० रुपये.
बैल मेला, तर ३२,००० रुपये.
शेळी वा मेंढी मेली, तर ४,००० रुपये.
कोंबडी मेली, तर १०० रुपये.
सपाट भागातले घर पूर्ण पडले, तर १ लाख २० हजार रुपये.
पक्क्या घराची थोडी पडझड झाली, तर ६,५०० रुपये. कच्च्या घराची झाली, तर ४,००० रुपये.
झोपडी गेली, तर ८,००० रुपये.
घराला जोडलेला गोठा पडला, तर ३,००० रुपये.
घर पूर्ण पडले वा वाहून गेले, तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये.
शेतात गाळ साचला, तर तो काढायला हेक्टरी १८,००० रुपये.
अल्पभूधारकाची जमीनच खरडून वाहून गेली, तर हेक्टरी ४७,००० रुपये.

पिकांचे दर असे होते. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये. ओलिताच्या पिकाला १७,००० रुपये. संत्रा, लिंबू अशा बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये. ही मदत दोन हेक्टरांपर्यंत मिळे.

राज्य सरकार कधी कधी यात भर घालते. २०२२ च्या पावसाळ्यात राज्याने कोरडवाहूला हेक्टरी १३,६०० रुपये दिले आणि मर्यादा तीन हेक्टर केली. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात फार मोठी हानी झाली. आपला वाशीम जिल्हा, यवतमाळ, नांदेड आणि सगळा मराठवाडा पाण्याने झोडपला. तेव्हा ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्याने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तीत पिकाच्या दराशिवाय रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये ठरवले. म्हणजे कोरडवाहूला ८,५०० अधिक १०,०००, असे १८,५०० रुपये झाले. मर्यादा तीन हेक्टर ठेवली.

दर असे बदलत असतात. म्हणून नुकसान झाले, की चालू दर काय आहे, हे तहसील कचेरीत विचारावे. ऐकीव आकड्यावर भरवसा ठेवू नये.

एक गोष्ट खरी सांगितली पाहिजे. ही मदत म्हणजे पूर्ण भरपाई नव्हे. बियाणे, खत, फवारणी, मजुरी हा सगळा खर्च तीतून निघत नाही. पडलेल्यास हात देऊन उठवावे, एवढाच तिचा हेतू आहे. पण तो हात वेळेवर मिळाला, तर पुढची पेरणी होते. उशिरा मिळाला, तर सावकाराचे दार दिसते.

पीकविमा वेगळा. त्यात आपण हप्ता भरतो आणि विमा कंपनी पैसे देते. २०२३ साली राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला होता. २०२५ साली तो बंद झाला आणि खरिपाला विम्याच्या रकमेच्या दोन टक्के हप्ता शेतकऱ्याला पुन्हा भरावा लागला. विमा काढला नसेल, तरी सरकारी अनुदान मागता येते. या दोहोंची गल्लत करू नका.

थोडे गणित

एक एकर म्हणजे ढोबळ मानाने ४० आर. १०० आर म्हणजे एक हेक्टर. म्हणजे अडीच एकरांचा एक हेक्टर.

आता सोडवा. दोन एकर कोरडवाहू सोयाबीन गेले. दोन एकर म्हणजे ८० आर, म्हणजे ०.८० हेक्टर. दर ८,५०० रुपये. ८,५०० गुणिले ०.८० बरोबर ६,८०० रुपये.

पिकाची मदत मिळायला नुकसान ३३ टक्के वा त्याहून जास्त असावे लागते. ३३ टक्के म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. दहा पोती व्हायची तेथे तीन पोती गेली, तर नुकसान ३० टक्के. मदत नाही. चार पोती गेली, तर ४० टक्के. मदत आहे. कागदावर ३० लिहायचे की ४०, यावर घरचा सगळा हिशेब ठरतो. हा आकडा लिहिला जात असताना शेताचा धनी तेथे हजर पाहिजे.

पंचनाम्यात काय वाचावे?

पंचनाम्याला तीन खात्यांची माणसे येतात. महसुलाचे तलाठी, पंचायतीचे ग्रामसेवक आणि शेती खात्याचे कृषी सहायक. आता या पदांची नावे बदलली आहेत. तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पण गावात अजून जुनीच नावे चालतात.

ही माणसे वाईट नसतात. एका तलाठ्याकडे अनेक गावे असतात. गुडघाभर चिखलातून दिवसाला कितीतरी शेते पाहायची असतात. घाईत हात चुकतो. म्हणून त्यांच्या लिहिण्यावर आपला डोळा पाहिजे. तो संशय नव्हे. ती कामाला मदत आहे.

कागद हातात घ्या आणि सात गोष्टी वाचा.

पहिली, नाव. आधार कार्डावर, सातबाऱ्यावर आणि बँकेत नाव सारखे आहे ना?

दुसरी, गाव आणि तालुका. आपल्या जिल्ह्यात आसेगाव नावाचे गाव एकाहून जास्त आहे. नुसते आसेगाव लिहिले, तर कागद भलतीकडे जाईल. तालुका लिहिलाच पाहिजे.

तिसरी, गट नंबर.

चौथी, क्षेत्र. हेक्टर किती, आर किती? येथेच आमची चूक झाली.

पाचवी, पीक. सातबाऱ्यावर पिकाची नोंद आहे ना? २०२१ पासून ही ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची असते. शेतात सोयाबीन आणि कागदावर तूर असेल, तर घोटाळा होतो.

सहावी, नुकसानीची टक्केवारी.

सातवी, नुकसान झाल्याची तारीख.

सगळे बरोबर असेल, तर सही करा. चूक असेल, तर तेथेच सांगा. शाई ओली आहे तोवर दुरुस्ती एका मिनिटात होते. कागद तहसीलला गेला, की त्याच दुरुस्तीला महिने लागतात. सही झाल्यावर कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बुडालेल्या पिकाचे, पडलेल्या भिंतीचे फोटोही पंचनाम्याच्या आधीच काढा.

आणखी तीन गोष्टी. जनावर दगावले, तर त्याला लगेच पुरू नका. पशुवैद्यकीय डॉक्टरांना आणि तलाठ्यांना आधी दाखवा. वीज पडून वा पुरात माणूस गेला, तर दुःख डोंगराएवढे असते. तरीही पोलिसांना कळवून शवविच्छेदन करून घ्यावे. तो कागद नसेल, तर मागे राहिलेल्या लेकरांची मदत अडते. आणि शेत अजून वारलेल्या बापाच्या वा सासऱ्याच्या नावावर असेल, तर वारस नोंद आजच करून घ्या. संकट येईपर्यंत थांबू नका. शेत सामाईक असेल, तर बाकीच्या खातेदारांचे संमतीपत्र लागते.

पंचनाम्यानंतर काय होते?

गावाची यादी तहसीलला जाते. तेथून जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग अमरावतीला विभागीय आयुक्तांकडे आणि शेवटी मुंबईला मंत्रालयात. तेथे मदत व पुनर्वसन खाते आहे. ते शासन निर्णय काढते आणि पैसे मंजूर करते. वाट लांबची आहे, म्हणून वेळ लागतो.

मंजुरी झाली, की नावांची यादी गावात लावतात. यादीत प्रत्येकाच्या नावापुढे एक विशिष्ट क्रमांक असतो. लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो क्रमांक आणि आधार कार्ड घेऊन सेवा केंद्रात जायचे. तेथे बोटाचा ठसा देऊन ओळख पटवायची. याला ई-केवायसी म्हणतात. त्याची पावती घ्यायची. मग पैसे आधारला जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होतात. २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकही मागतात. तो काढून ठेवलेला बरा.

पुष्कळांचे पैसे या शेवटच्या पायरीवर अडतात. यादी लागते आणि कोणी वाचत नाही. कोणाचे खाते बंद असते. कोणाचे आधार जोडलेले नसते. कोणी पुण्याला कामावर गेलेला असतो. म्हणून आमची एक सूचना आहे. यादी लागली, की आपल्या वर्गातल्या दोघांनी ती चावडीवर मोठ्याने वाचावी. ज्याचे नाव आले, त्याच्या घरी निरोप द्यावा. अशा वाचनाने गावाचे पैसे मिळतात.

मदतीच्या पैशातून बँकेने कर्जाची वसुली करू नये, असे सरकार आपल्या निर्णयात लिहिते. बँकेने पैसे कापले, तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा. आणि फोन करून कोणी ओटीपी मागितला, तर मुळीच देऊ नका. मदत देणारे सरकार फोनवर ओटीपी विचारत नाही.

गावाची मदत

संकट एकट्या माणसावर येत नाही. शाळेची भिंत पडते. पूल वाहून जातो. पाण्याची विहीर गाळाने भरते. अशा सामाईक कामांसाठीही सरकारी निधी असतो. पण तो कोणी आपण होऊन आणून देत नाही. ग्रामपंचायतीने नुकसानीची यादी करावी, ग्रामसभेत ठराव करावा आणि तो पंचायत समिती व तहसीलदारांकडे पाठवावा. ग्रामसभेत तुम्ही हजर राहा. ठराव लिहून झाला, की तो वाचून दाखवा म्हणा. लिहिलेले आणि बोललेले एकच आहे का, ते पाहा.

दुष्काळ जाहीर झाला, तर सवलती मिळतात. शेतसाऱ्यात सूट, शेती कर्जाच्या वसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, मुलांना परीक्षा शुल्क माफ, रोजगार हमीच्या नियमांत ढिलाई, पाण्याचे टँकर. मुलाच्या शाळेने शुल्क मागितले, तर ही गोष्ट आठवा.

चूक झाली तर?

रडत बसू नये आणि भांडतही सुटू नये. साध्या कागदावर अर्ज लिहावा. अर्ज असा:

"मा. तहसीलदार साहेब यांस. माझे गाव आसेगाव. माझा गट नंबर अमुक. माझे क्षेत्र १ हेक्टर २० आर आहे. पंचनाम्यात ० हेक्टर २० आर लिहिले आहे. सातबारा सोबत जोडला आहे. कृपया दुरुस्ती व्हावी. आपला नम्र."

खाली तारीख, सही आणि मोबाइल नंबर. अर्जाच्या दोन प्रती कराव्या. एक द्यावी. दुसरीवर पोहोच म्हणून शिक्का घ्यावा. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर टाकलेला शब्द.

तरी काम झाले नाही, तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कचेरीत लोकशाही दिन असतो. तेथे दाद मागता येते. आपल्या अर्जाचे काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. हा कायदा २००५ चा आहे. अर्जाला १० रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आणि ऐन संकटात, पूर चढत असताना, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ या नंबरावर फोन करावा.

वहिनींची सही

शेवटी वहिनींचे सांगतो. त्या आमच्या रात्रीच्या वर्गात दोन हिवाळे आल्या. आधी नाव लिहायला शिकल्या, मग आकडे, मग सातबारा.

ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा तसाच पाऊस झाला. पुन्हा पंचनामा आला. आम्ही पुन्हा पंच. या वेळी चष्मा खिशात होता. आम्ही कागदाला हात घालणार, तोच वहिनी पुढे झाल्या. "थांबा गुरुजी. आधी मले वाचू द्या."

त्यांनी कागद घेतला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. साहेब थांबले. सगळे थांबले. क्षेत्रापाशी बोट जरा रेंगाळले. १ हेक्टर २० आर. मग त्यांनी पेन मागितला आणि सावकाश आपली सही केली. कागद आमच्याकडे दिला आणि म्हणाल्या, "आकडा बरोबर हाये गुरुजी. आता तुम्ही करा."

आम्ही तोही कागद वाचला. सगळा वाचला. मगच सही केली.

लक्षात ठेवा

१. आपत्तीची मदत हे अनुदान आहे, कर्ज नव्हे.
२. पिकाचे नुकसान ३३ टक्के वा जास्त असेल, तर मदत मिळते.
३. पंचनाम्याच्या वेळी शेतावर हजर राहा.
४. नाव, गाव-तालुका, गट, क्षेत्र, पीक, टक्केवारी, तारीख वाचल्याशिवाय सही करू नका.
५. अर्जाची पोहोच घ्या.
६. यादी लागली, की ती दुसऱ्यांनाही वाचून दाखवा.

प्रश्न

१. तगाई आणि अनुदान यांत काय फरक आहे?
२. तुमचे शेत किती एकर आहे? ते हेक्टर व आर यांत लिहा.
३. अडीच एकर कोरडवाहू पीक गेले. दर हेक्टरी ८,५०० रुपये. किती मदत मिळेल?
४. आपल्या घरचा सातबारा काढा. वरची नावे मोठ्याने वाचा. त्यांत कोणी वारलेले आहे का?
५. पंचनाम्यातली चूक कळवणारा अर्ज आपल्या हाताने लिहा. खाली सही करा.